वॉटरकलरमध्ये कुंपण: सोलापूरच्या माळावर बसून शिकलेलं

माझं कुंपणाचं पहिलं चित्र घरी दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "कंगवा भारी आलाय की!" तिचं काही चुकलं नव्हतं. आकाश बरं जमलं होतं, ज्वारीचं शेतही बऱ्यापैकी होतं, आणि सगळं वाळल्यावर मी त्याच्यावर काळ्या रंगानं सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर चौदा खांब ठोकले होते, वर पट्टी लावून तीन तारा. दोन तासाची मेहनत शेवटच्या पाच मिनिटांत घालवली. त्यानंतर दोन-तीन हिवाळे रविवार-रविवार माळावर बसून जे काही हाताला लागलं ते इथं लिहितोय. मी काही आर्ट स्कूलचा नाही, नोकरी करून रंगवणारा माणूस आहे, त्यामुळं नवख्या माणसाचं नेमकं कुठं अडतं ते मला अजून आठवतं.

अडतं ते इथंच, की कुंपण शेवटी काढायची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. ऑइलमध्ये किंवा अॅक्रिलिकमध्ये चालेल, गडद रंगावर उजळ रंग बसतो. वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कोरा कागद, तो एकदा झाकला की गेला. म्हणून कुठला खांब उजळ राहणार आणि कुठला गडद होणार हे ब्रश ओला करायच्या आधी ठरलेलं पाहिजे.

आधी आपल्याकडचं कुंपण बघा

नेटवर शोधलं तर पांढऱ्या फळ्यांची कुंपणं दिसतात, हिरवं गवत, मागं लाल कोठार. बघायला छान, पण सोलापूर जिल्ह्यात तसलं कुठं आहे ओ. आपल्याकडं बांधावर बाभळीच्या नाहीतर येड्या बाभळीच्या फांद्या तोडून रचलेलं काट्याचं कुंपण असतं, शेराची हिरवी दाटी असते, घायपाताची रांग असते, सिमेंटचे पोल आणि काटेरी तार असते, लोखंडी अँगल असतात, आणि अक्कलकोटच्या बाजूला गेलात तर शहाबादी फरशीच्या उभ्या पट्ट्याच खांब म्हणून रोवलेल्या दिसतात. हल्ली भर पडलीय ती जुन्या साड्यांची. रानडुकरं, हरणं पिकात शिरू नयेत म्हणून शेताला चारी बाजूंनी साड्या बांधतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी धुणं वाळत घातलंय अर्धा किलोमीटर.

सुरुवात दगडी किंवा सिमेंटच्या खांबांपासून करा. आकार सोपा, एक बाजू उन्हात, एक सावलीत, आणि तारा नाही जमल्या तरी चित्र उभं राहतं. काट्याचं कुंपण आणि साड्या नंतर घेऊ.

सामान

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) घ्या, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे जरा खरबरीत पोताचा. त्याहून पातळ कागद ओला झाला की पापडासारखा फुगतो आणि रंग खड्ड्यात साचतो. पूर्ण कॉटनचा कागद महाग पडतो हे खरंय, पण २२ बाय ३० इंचाची एक शीट घेऊन तिचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चा तुकडा मिळतो, सुरुवातीला तेवढा साइझ पुरे. स्वस्त कागदावर आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, डागाळतो आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, कागदात नको.

रंग सहाच घ्या. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, सॅप ग्रीन, एक लाल (अलिझरिन क्रिमसन चालेल) आणि सेरुलियन नाहीतर कोबाल्ट. काळी ट्यूब पेटीत असली तर काढून पोरांना देऊन टाका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो राखाडी होतो त्याच्यातच आपली काळी माती आहे, दगड आहे, सावली आहे. निळा थोडा जास्त झाला की थंड सावली, तपकिरी जास्त झाला की वाळलेलं ढेकूळ. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसतात आणि वॉश खरबरीत दिसतो, मातीला ते फुकटात मिळालेलं टेक्सचर आहे.

ब्रश: एक इंचाचा फ्लॅट, राउंड १२ आणि ८ नंबर, आणि एक रिगर. रिगर म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश, पूर्वी चित्रातल्या जहाजांचे दोर काढायला वापरायचे म्हणून ते नाव पडलं. आपण त्यानं काटेरी तार काढणार. नवी पेठेत स्टेशनरीच्या दुकानात मिळाला नाही तर ऑनलाइन मागवा, नाहीतर एक नंबरचा साधा राउंड घेऊन भागवा.

बाकी बोर्ड, मास्किंग टेप, टिश्यू, जुनं एटीएम कार्ड, मेणबत्तीचा तुकडा, स्प्रेची छोटी बाटली आणि पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. पाणी जपून कसं वापरायचं हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

कुठं बसायचं, कधी बसायचं

दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत. रब्बीची ज्वारी उभी असते, ऊन सोसवतं, आणि सकाळी सूर्य खाली असल्यामुळं खांबांच्या सावल्या लांब पडतात. मी सव्वासातला पोचतो, नऊला गुंडाळतो. त्यानंतर सूर्य वर चढला की खांबाची उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू यातला फरक कमी होत जातो आणि सगळं सपाट दिसायला लागतं.

एप्रिल-मे मध्ये चाळीसच्या वर पारा असतो तेव्हा बाहेर रंगवायचं म्हणजे वेगळीच कसरत. वॉश कागदाच्या खालच्या टोकाला पोचायच्या आत वरचा भाग वाळतो. पुस्तकातले व्हिडिओतले टायमिंग कुणी गार हवेच्या गावात बसून सांगितलेले असतात, "पाच मिनिटं थांबा" म्हणतात, इथं पाच मिनिटांत पॅलेटवरचा रंगसुद्धा सुकून कडक होतो. उन्हाळ्यात फोटो काढून आणा आणि घरात रंगवा, आणि फॅन बंद ठेवा. घामाघूम व्हाल, पण वॉश वाचेल.

जागा म्हणाल तर बार्शी रस्त्यानं नान्नजकडं जा. माळढोकाचं अभयारण्य आहे तिथं १९७९ पासून, आत शिरायचं नाही, रस्त्याच्या कडेनंच एवढा सपाट माळ दिसतो की क्षितिजाची रेघ पट्टीनं मारल्यासारखी वाटते. कुंपणाचं पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांब जाईल तसं लहान कसं दिसतं ते, शिकायला सपाट जमिनीसारखी दुसरी जागा नाही. तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याच्या तलावाच्या बाजूला पाणी, झाडं, बांध सगळं एकत्र मिळतं, पण नवख्यानं आधी माळावर बसावं, तलावाचं पाणी मधे आलं की लक्ष त्याच्याकडंच जातं. मंगळवेढ्याकडची काळीभोर रानं तर बघाच, तिथं झाड लांब लांबवर नसतं आणि चित्रात उभी रेघ म्हणून खांबच काय तो.

आणि हो, कुणाच्याही बांधाशी बोर्ड घेऊन बसायच्या आधी हाक मारून सांगा. एकदा मी बसलो होतो, एक डोळा मिटून पेन्सिल हातभर लांब धरून खांबाची उंची मोजत होतो, तेवढ्यात शेतातनं एक मामा तरातरा आले.

"मोजनीला आलाव का ओ सायेब?"

"नाही ओ मामा, चित्र काढायलोय."

त्यांचा विश्वास बसला नाही. शेजाऱ्याबरोबर बांधावरनं त्यांचं आधीच वाजलेलं होतं, हे नंतर कळलं. बोर्ड हातात घेऊन त्यांनी पेन्सिलीचं स्केच बराच वेळ बघितलं, मग कुंपणाकडं बघितलं, मग परत स्केचकडं.

"आमचं डांब वाकडं हायत की सगळं. तुमी सरळ केलाव."

खरंच होतं. चौथा खांब बैलानं अंग घासून कलंडलेला, सहावा अर्ध्यातनं तुटलेला, एका ठिकाणी खांबच नाही, तिथं बाभळीची फांदी टेकवून ठेवलेली. मी डोळ्यानं बघत होतो आणि हात मात्र मनातलं सरळ कुंपण काढत होता. तेव्हापासून खोडरबर हातात घ्यायच्या आधी मी प्रत्येक खांब एकदा नीट बघतो.

उजळ की गडद

आता मुद्द्यावर येऊ. खांबाकडं बघून एकच विचारायचं: याच्या मागं जे आहे त्याच्यापेक्षा हा उजळ आहे की गडद?

सकाळच्या उन्हातला दगडी खांब घ्या. खालचा भाग काळ्या मातीच्या समोर येतो, तिथं तो जवळजवळ पांढरा दिसतो. जरा वर मागं ज्वारी आहे, पिवळट, तिथं खांब आणि ज्वारी एकाच टोनची, म्हणजे सारखीच उजळ, खांब जवळपास दिसतच नाही. आणि वरचा वीतभर भाग क्षितिजाच्या वर आकाशात जातो, तिथं तोच खांब गडद. एकच दगड, एकच ऊन, आणि तीन ठिकाणी तीन वेगळे. विश्वास बसत नसेल तर डोळे किलकिले करून बघा, रंग विरघळतात आणि नुसता उजळ-गडद फरक उरतो.

हे एकदा दिसलं की काम वाटून टाकता येतं. जिथं खांब उजळ, तिथं कागद राखायचा आणि मागची माती खांबाच्या कडेनं रंगवायची. जिथं सारखा, तिथं काहीच करायचं नाही, कड हरवू द्यायची. जिथं गडद, तिथं शेवटी वरून एक स्ट्रोक. माझ्या त्या कंगव्यात चौदाच्या चौदा खांब वरपासून खालपर्यंत गडद होते, म्हणून ते शेतात रोवलेले न दिसता कागदावर चिकटवलेले दिसत होते.

हा हिशोब वहीत काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलनं करून घ्या, नुसते तीन टोन: कोरा, मधला, गडद. दोन मिनिटं लागतात. मी हे टाळायचो आणि दर वेळी पस्तावायचो.

पेन्सिल

क्षितिजाची रेघ आधी. कागदाच्या बरोब्बर मधे नको, माळ दाखवायचा तर वर घ्या, आकाश दाखवायचं तर खाली. मग कुंपण. ते कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आडवं घातलंत तर बघणाऱ्याला बाहेरच अडवल्यासारखं होतं. तिरकं न्या, जवळून सुरू होऊन लांब जाणारं, आणि कुठंतरी एक खिंडार ठेवा, पडका खांब, उघडं फाटक, बैलगाडीची चाकोरी आत गेलेली. नजर तिथनं आत शिरते.

उंचीसाठी एक युक्ती आहे जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. सपाट जमिनीवर क्षितिज हे तुमच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. तुम्ही उभे असाल, डोळा जमिनीपासून पाच फुटांवर, आणि खांब चार फुटी, तर जवळचा असो की लांबचा, प्रत्येक खांब त्याच्या बुडापासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या चार-पंचमांश उंचीचा येणार. सगळ्यांची टोकं क्षितिजाच्या खाली. आता त्याच जागी स्टुलावर बसा, डोळा आला साडेतीन फुटांवर, लगेच सगळे खांब क्षितिजाच्या थोडे वर डोकं काढतात, आणि क्षितिज प्रत्येक खांबाला टोकाच्या जरा खाली, एकाच प्रमाणात कापतं. उभं राहून फोटो काढला आणि बसून स्केच केलं तर दोन्ही जुळत नाही ते यामुळंच. मी शक्यतो बसतो, खांबांची टोकं आकाशात गेली की तो उजळ-गडदचा खेळ जास्त रंगतो.

अंतरासाठी: पहिले दोन खांब नजरेनं काढा. त्यांची टोकं जोडणारी एक आणि बुडं जोडणारी एक अशा दोन फिक्या रेघा क्षितिजावर एका बिंदूला मिळू द्या. दुसऱ्या खांबाचा मध्य काढा. मग पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या मध्यातनं तिरकी रेघ खालच्या रेघेपर्यंत न्या, जिथं टेकेल तिथं तिसऱ्याचं बूड. तसंच पुढं. तीन-चार खांब असे काढले की अंतर कसं आटत जातं ते हाताला कळतं, पुढचे अंदाजानं टाका. आणि मग मामांना आठवून त्यातले दोन-तीन वाकडे करा, एक गाळा. गणिताचं काम एवढंच, की वाकडे करायला आधी सरळ माहीत असावेत.

रंग, एकेक करून

बोर्डाला मागं पुस्तक लावून जरा उतार द्या. आकाशाचा भाग स्वच्छ पाण्यानं ओला करा, पण जवळच्या दोन-तीन खांबांची टोकं गडद होणार असतील तर त्यांना चुकवायची गरज नाही, सरळ वरून जा. आपल्याकडचं हिवाळ्यातलं आकाश वरती निळं आणि खाली क्षितिजाला धुळकट असतं. खालच्या भागात यलो ऑकर अगदी पाणीदार, त्यात लालाचा नुसता स्पर्श, आणि वरून सेरुलियन खाली सोडत आणा. दोन्ही मिळतात तिथं ब्रश घोळवू नका, हिरवट होतं. वाळू द्या. पूर्ण.

लांबची झाडी एका स्ट्रोकात, निळसर राखाडी, खालची कड ओल्या ब्रशनं सोडून द्या म्हणजे ती जमिनीत विरघळते. लिंबाचा गोल, बाभळीचा चपटा, एवढा फरक पुरे.

मग ज्वारी. यलो ऑकरमध्ये किंचित बर्न्ट सिएना, जवळ येईल तसा सॅप ग्रीनचा अंश. इथं राउंड ब्रश आडवा धरून कोरडाच ओढा, कागदाच्या खाचा पांढऱ्या राहतात आणि कणसांवरचं ऊन आपोआप मिळतं. खांबांच्या मधला भाग एकेक चौकोन म्हणून भरू नका, खिडक्या दिसतील. ब्रश डावीकडनं उजवीकडं जाऊ द्या, उजळ ठेवायच्या खांबाशी आल्यावर उचला, पलीकडं परत टेकवा.

आता काळी माती, आणि चित्रातला सगळ्यात महत्त्वाचा वॉश हाच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना भरपूर रंग घेऊन, चहासारखा नको, दुधासारखा दाट. आठ नंबरच्या ब्रशच्या टोकानं खांबाच्या दोन्ही बाजू कापत खाली या. तुम्ही खांब रंगवत नाही आहात, खांबाच्या मागची माती रंगवताय, आणि दोन स्ट्रोकांच्या मधे एकदम खांब उभा राहतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटाच बसून हसलो होतो. वॉश ओला असतानाच कुठं निळा, कुठं तपकिरी टोचा, नुसती एकसारखी काळी पट्टी केलीत तर ती डांबरी रस्ता वाटते. खांबाच्या बुडाशी मात्र सरळ रेघेत थांबू नका, तिथं गवत असतं, ब्रश दोन-चार वेळा वर झटका म्हणजे बूड गवतात हरवतं.

माती ओली असताना तिची चमक जाते न जाते तेवढ्यात एटीएम कार्डाच्या कोपऱ्यानं खरवडलं तर रंग बाजूला सरकतो आणि उजळ काड्या निघतात, कुसळीचं वाळकं गवत म्हणून झकास. फार ओल्यात खरवडलं तर उलटं होतं, खाचेत रंग वाहून गडद रेघ पडते. तो नेमका क्षण हिवाळ्यात मिनिटभर मिळतो, मार्चनंतर काही सेकंद. कागदाच्या तुकड्यावर आधी करून बघा.

सगळं वाळलं की खांबांकडं वळा. उन्हाच्या बाजूला ऑकरचा नुसता पातळ वॉश. सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन-सिएनाचा पातळ राखाडी, एका स्ट्रोकात. आकाशात गेलेलं टोक त्याच राखाडीनं जरा दाट. लांबच्या खांबांना हे काही नको, तिसऱ्या-चौथ्यानंतर नुसते ठिपके-रेघा, आणि शेवटचे दोन तर नाहीच काढलेत तरी चालतं, नजर ते स्वतः पुरे करते.

जमिनीवरच्या सावल्या विसरू नका, त्यांच्याशिवाय खांब तरंगतो. पातळ, निळसर, खांबाच्या बुडापासून सुरू होणाऱ्या. जमीन जशी तशी सावली, सरीवर चढते, चाकोरीत उतरते, ढेकळावर मोडते. एकदाच ब्रश फिरवा आणि हात काढून घ्या. दुसऱ्यांदा गेलात तर खालची माती उठते आणि चिखल होतो. मला हे माहीत असूनही मी दर तिसऱ्या चित्रात दुसऱ्यांदा जातोच.

आणि तारा. रिगर घ्या, रंग जरा दाट, ब्रशच्या दांडीचं मागचं टोक धरा, मनगट न हलवता खांद्यातनं हात फिरवा. तार दोन खांबांमधे किंचित झोळ घेते. अखंड काढू नका, मधे मधे ब्रश कोरडा पडून तुटली तर तुटू द्या, उन्हातली तार तशीच दिसते, इथं चमकते तिथं गायब. काट्यांच्या गाठी पहिल्या दोन खांबांमधे पाच-सहा टोचा, पुढं नकोत. गडद झाडीसमोरनं जाणारी तार उजळ हवी असेल तर कागद खडखडीत वाळल्यावर ब्लेडच्या टोकानं हलकं खरवडा, पण एकाच जागी. तीन तारा असतील तर दोनच काढा.

तारेवर एखादा कोतवाल बसवायचा मोह होतो, बसवा, काळा ठिपका आणि दुभंगलेली शेपटी, बस. खाटीक पक्षी बसलेला दिसला तर जरा वेळ ब्रश खाली ठेवून बघा, किडे-सरडे मारून काट्यावर टोचून ठेवतो तो, बाभळीच्या काट्यावर आणि काटेरी तारेवरही. चित्रात ते काढायच्या भानगडीत पडू नका.

मास्किंग फ्लुइडबद्दल

खांब राखायला मास्किंग फ्लुइड (कागद झाकायला लावायचं आणि नंतर चोळून काढायचं रबरी द्रव) वापरू का, हे सगळेच विचारतात. वापरा, पण माझा किस्सा ऐकून. फेब्रुवारीच्या शेवटी मी एका चित्रात सगळे खांब फ्लुइडनं झाकले, वॉश दिले, मधेच भूक लागली म्हणून बोर्ड गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला आणि हॉटेलात भाकरी-शेंगा चटणी खायला गेलो. गप्पांत दीड तास गेला. परत येऊन फ्लुइड चोळून काढायला लागलो तर ते कागदात मुरलं होतं, रबराबरोबर कागदाची सालपटं निघाली. चौथ्या खांबापासून पुढं चित्र म्हणजे सोललेला बटाटा.

उष्णतेनं ते कागदाला घट्ट धरतं. म्हणून सावलीत ठेवा, काम झालं की त्याच दिवशी काढा, कागद पूर्ण वाळलेला असल्याशिवाय लावू नका आणि काढूही नका. लावायला जुना ब्रश, आधी साबणाच्या फेसात बुडवून, नाहीतर ब्रश गेला कामातनं. काढल्यावर कडा चाकूनं कापल्यासारख्या दिसतात, त्या एका बाजूनं ओल्या ब्रशनं मऊ करा. माझं मत विचाराल तर जाड खांबांना फ्लुइडची गरजच नाही, ब्रश कापत नेला तर हात सुधारतो. बारीक काड्या, उजळ तार, यांना ठीक.

मेणबत्ती मात्र मला आवडते. सिमेंटच्या जुन्या पोलवर मेणाचा तुकडा हलका घासायचा, वरून रंग गेला की खरबरीत पांढरे डाग राहतात, पोपडे उडाल्यासारखे. एकदा घासलं की परत फिरता येत नाही हे लक्षात ठेवा. आणि पांढरा राखायचा अगदीच राहून गेला तर ओलसर फ्लॅट ब्रशच्या कडेनं रंग भिजवून टिश्यूनं टिपून घ्या. अल्ट्रामरीन, सिएना बऱ्यापैकी उठतात. थॅलो ब्लू कागदाला डाग धरतो, तो हट्टानं जात नाही, म्हणून मी तो वरच्या यादीत घेतलाच नाही.

काटे आणि साड्या

काट्याच्या कुंपणात प्रत्येक फांदी काढायला बसलात तर संध्याकाळ होईल. आधी सगळ्याचा मिळून एक आकार बघा, आडवा पसरलेला, वरची कड उसकटलेली. कोरड्या ब्रशनं राखाडी-तपकिरी आडवं घासून तो आकार घ्या, आतली दोन-तीन खोल भोकं गडद करा, आणि मग रिगरनं वरच्या कडेला आठ-दहा काटक्या बाहेर काढा. त्या आठ काटक्यांमुळं आतल्या शंभर असल्यासारख्या वाटतात.

साड्यांसाठी मी खास थांबतो. सकाळी ऊन साडीच्या पाठीमागनं आलं की ती पेटल्यासारखी दिसते, उन्हानं विटलेला गुलाबी, त्याच्यापुढं फिका पोपटी, मग एखादी भगवी, काठाची पट्टी अजून शाबूत. प्रत्येक साडी दोन डांबांना बांधलेली, मधे झोळ, वरच्या कडेला गाठींपासून चुण्या खाली उतरलेल्या. एका साडीचा भाग ओला करा, पातळ रंग सोडा, ओलं असतानाच चुणीच्या जागी तोच रंग जरा दाट टोचा आणि खाली वाहू द्या. शेजारची साडी पहिली ओलसर असतानाच लावली तर कडेला रंग एकमेकांत शिरतात, शिरू द्या, एक-दोन ठिकाणी. सगळ्या साड्या भडक केल्या तर गड्ड्याच्या जत्रेतलं दुकान होतं. एकच भडक, बाकी विटलेल्या. वाऱ्यानं फाटलेली एखादी चिंधी असेल तर ती नक्की घ्या, मागची काळी माती त्या फटीतनं दिसली की कापड पातळ आहे हे सांगावं लागत नाही.

टेप काढताना चित्राच्या बाहेरच्या दिशेला, तिरकी आणि सावकाश ओढा, कागद पूर्ण वाळलेला असताना. घरी आल्यावर चित्र भिंतीला टेकवून दोन दिवस ठेवा आणि लांबून बघा. तारा जास्त वाटल्या तर ओल्या ब्रशनं एखादी पुसा, नवीन मात्र काढू नका.

त्याच जागी जुलैमध्ये एक पाऊस पडून गेल्यावर परत जा. भिजलेली माती खरंच काळी होते, हिवाळ्यात तिच्यात मिसळलेला तो राखाडी गायब होतो, आणि ढगाळ उजेडात सावल्या जवळपास नसल्या तरी खांब जानेवारीपेक्षा जास्त पांढरे दिसतात. मातीचा वॉश तेव्हा आणखी दाट घ्यावा लागतो. चप्पल घालून जा, बुटाला काळ्या मातीचा एवढा गोळा लागतो की गाडीत बसता येत नाही.